आमचे आप्पा : पॅटर्नमेकर, गमत्या, आणि मान न वळणारा माणूस

अनगोळकर

परवा आप्पांचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपली, पाहुणे गेले, मग आई म्हणाली माळ्यावरची ती पेटी एकदा बघून घे, वाळवी लागली असेल तर काढून टाकू. पेटी म्हणजे आप्पांच्या हत्यारांची. वाळवी नव्हती. सगळ्यात वर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक स्टीलची पट्टी होती, ती हातात घेतली आणि मला जे हसू फुटलं ते आईला खालून वाटलं की मी रडतोय. म्हणून हा धागा. लांबणार आहे, आधीच सांगतो.

आप्पा पॅटर्नमेकर. बेळगावात हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. उद्यमबागेत फौंड्र्या आहेत. लोखंडाचं कास्टिंग ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, मग ती पंपाची बॉडी असू दे नाहीतर गिअरबॉक्सचं झाकण. तो नमुना वाळूत दाबून अलगद काढून घेतला की जी पोकळी राहते तिच्यात रस ओततात. हा नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. सुतारच, पण दारं-खिडक्या करणाऱ्यांना आप्पा "त्यांचं काम मोठं, आमचं बारीक" म्हणायचे आणि ते कौतुक नसायचं. १९७३ साली एकोणिसाव्या वर्षी कामाला लागले, १९९० मध्ये अनगोळला घराच्या मागं पत्रे घालून स्वतःचं शेड काढलं.

आता पट्टीचं. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करायला पाहिजे. प्रत्येक मापाला हिशेब कोण करत बसणार, म्हणून ह्या लोकांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. श्रिंकेज स्केल. आणि पॅटर्न ॲल्युमिनियमचा करायचा असेल तर त्याच्यासाठी जो पहिला लाकडी करतात त्यात दोन्ही आकसणी धरायच्या, ॲल्युमिनियमची आणि लोखंडाची, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, त्याची पट्टी अजून वेगळी. दिसायला सगळ्या सारख्याच. मी सहावीत, कंपासमधली पट्टी मोडलेली, सकाळी घाईत शेडमधली एक उचलली आणि गेलो. भूमितीचा तास. सरांनी त्रिकोण मोजले तर एकही बाजू बरोबर नाही. दहाची रेघ दहा पूर्णांक दोन. कोन मात्र सगळे बरोबर. दोन छड्या बसल्या, वर "सुताराचा पोरगा आणि पट्टी धरता येत नाही" हे पण ऐकलं.

घरी येऊन रडत सांगितलं तर आप्पांना इतकं हसू आलं की खाली बसायला गेले, बसता येईना, मग भिंतीला खांदा टेकून उभ्याउभ्याच हसत राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत आले. मला वाटलं भांडणार. त्यांनी टेबलावर दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "सर, पोराचं काय चुकलं नाही, गार झाल्यावर बरोबर येतंय बघा." सर पण हसले. छड्या काही परत घेतल्या नाहीत.

बसता येईना का ते सांगतो. आप्पांना अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस होता. मणक्याला सूज येत येत मणके एकमेकांना चिकटून जातात, पाठ वेळूसारखी अखंड होते, काहींची मानेपर्यंत. आप्पांची मानेपर्यंत झाली. चाळिशीनंतर मान वळत नव्हती, वर होत नव्हती, आणि पाठ पुढं झुकलेली. मला आठवतात ते आप्पा असेच, जमिनीकडं बघत चालणारे, आणि समोर कोण आलंय ते चपलांवरून ओळखणारे. "काय वो पाटील, अंगठा तुटलाय, नवीन घ्या की आता!" अशी सुरुवात व्हायची.

दुखणं सुरू झालं चोविसाव्या वर्षी, आणि नाव कळलं तेहतिसाव्या, १९८७ मध्ये. नऊ वर्षं काय केलं? तेल चोळलं, पाठ तुडवून घेतली, गॅस झालाय म्हणून ओवा खाल्ला, गावोगावच्या हाड बसवणाऱ्यांकडं गेले. एका डॉक्टरांनी मणक्याची चकती सरकली म्हणून दीड महिना फळीवर झोपवलं. नेमकं उलटं. ह्या आजारात पडून राहिलं की जास्त आखडतं, हलल्यावर मोकळं होतं. आप्पा म्हणायचे त्या दीड महिन्यात मी कास्टिंग झालो. शेवटी धरलं कुणी, तर डोळ्याच्या डॉक्टरांनी. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, घरात सगळे म्हणाले डोळे आलेत. डॉक्टरांनी डोळा तपासला, थेंब दिले आणि सहज विचारलं, तुमची कंबर सकाळी आखडते का? आप्पा सांगायचे, "पाठ दुखते म्हणून नऊ वर्षं फिरलो, एकानं डोळ्यात बघितलं न्हाई. ह्यानं डोळ्यात बघितलं आणि पाठ सांगितली."

गमती किती सांगू. मान वळत नाही म्हणून सायकलला दोन्ही बाजूंना आरसे, ते नेहमीचेच, पण शेडमधल्या बाकाला पण आरसा, दारातून कोण येतंय ते बघायला, आणि छत्रीच्या दांड्याला स्वतः केलेल्या सागवानी कोंदणात अजून एक. बाजारात छत्री मिटून अशी धरायचे की मागचं दिसावं. एकदा गणपत गल्लीत एका बाईनं गैरसमज करून घेतला, चांगलाच आवाज चढवला. आप्पांनी शांतपणे पूर्ण अंग वळवलं, म्हणजे मालगाडीचं इंजिन वळवतात तसं, आणि म्हणाले, "ताई, मला तुमच्या फक्त चपला दिसूलाल्यात." दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक उघडल्यावर रुळाच्या दोन्ही बाजूंना बघायची त्यांची सवय होती आणि त्यासाठी ते सायकलसकट गोल फिरायचे, मागची सगळी वाहनं हॉर्न मारतायत आणि हे प्रदक्षिणा घालतायत.

आधारचा फोटो काढायला नेलं तर ऑपरेटर पोरगा म्हणतोय काका मान वर करा. आप्पा म्हणाले मान वर होत न्हाई, सगळा माणूस वर कर. शेवटी खुर्चीच्या पुढच्या पायाखाली दोन विटा लावल्या, आप्पा मागं रेलले, मी मागून धरलं, तेव्हा डोळे मशीनला दिसले. त्या फोटोत ते विमानात बसल्यासारखे दिसतात.

आणि खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं धुवून मांडायची, रंधा, पटाश्या, गुण्या, खतावणी, करवती, सगळ्यांना हळद-कुंकू, कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे. पूजा झाली की आप्पा त्या ओळीच्या शेवटी स्वतः उभे राहायचे आणि आईला म्हणायचे माझ्या मानेला पण कुंकू लाव, हे बी हत्यारच हाय, जुनं झालंय. मग भिंतीला टाचा लावून उभं राहायचं, आणि डोकं भिंतीपासून किती लांब राहतं ते मोजायचं. त्याच्यासाठी त्यांनी सागवानाची पायऱ्यापायऱ्यांची पाचर केली होती, एक पायरी पाच मिलिमीटर. ती डोक्यामागं सरकवायची, अडली की पायरी मोजायची. मोजायचं काम माझं. त्याच दिवशी आमची उंची पण चौकटीवर लिहायचे. "तुमची वाढ, माझी श्रिंकेज." आकडे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेत, १९८८ ते २०२२. परवा ते वाचत बसलो होतो.

---

उद्यमबागचा मोल्डर

वा अनगोळकर. मी तीस वर्षं वाळू बडवली. पॅटर्नवाला आणि मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, ही सासू-सून. कास्टिंग बाद झालं की आम्ही म्हणायचो पॅटर्नला ड्राफ्ट कमी ठेवलाय, म्हणून काढताना वाळू तुटली, आणि ते म्हणायचे तुझ्या हाताला थरथर आहे. ड्राफ्ट म्हणजे पॅटर्नच्या उभ्या बाजूंना दिलेला थोडा उतार, तो नसला की वाळूतून नमुना सुटत नाही. चांगल्या पॅटर्नवाल्याचा नमुना लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो.

तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिताय ते बहुतेक माझ्या पाहण्यातले असावेत. नाव विचारत नाही. वाकलेले, सायकलला आरसे, आणि पॅटर्न पोचवायला आले की आधी चहावाल्याला हाक. एकदा मोठ्या फ्लायव्हीलचा पॅटर्न आला, आम्ही उलटा करून बघतोय तर आत, जिथं कुणी बघणार नाही तिथं, पेन्सिलनं लिहिलेलं, "काय बघूलालास, काम कर." सगळं शॉप हसलं होतं.

आता लाकडी पॅटर्न कमी झालेत. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, पॅटर्न. आकसणीचा टक्का मशीनमध्ये टाकला की झालं, पट्टी लागत नाही. मशीनवाल्याच्या पॅटर्नमध्ये आत काही लिहिलेलं नसतं.

---

वडगावची लेक

अनगोळकर दादा, वाचताना सारखं माझ्या बाबांचं आठवत होतं. आमचे बाबा मागावर. वडगावात तेव्हा गल्लीभर खटखट असायची, आमच्या घरात दोन माग, साड्यांचे. बाबांना साखर, पस्तिसाव्या वर्षापासून. मागाच्या खाली पाय सोडून बसायचे, पायाला जखम झालेली कळायचीच नाही, शेवटी उजव्या पायाची दोन बोटं गेली. तर बाबा म्हणाले चला, चपलेचा नंबर कमी झाला. आणि कुंदा, ती दुधाची मिठाई. घरात कुंदा आणायचा नाही असा आईचा कायदा होता, तर हे साडीच्या घडीत पुडी ठेवून आणायचे आणि पकडले गेले की म्हणायचे गिऱ्हाइकाचं सॅम्पल आहे.

तुम्ही "गमत्या" म्हणालात ना, आमच्याकडं पण सगळे तेच म्हणायचे. पण मला एक विचारायचंय. तुमच्या आई काय म्हणायच्या?

---

सकारात्मक सीमावासी

खूप प्रेरणादायी! ह्यातून हेच शिकायला मिळतं की ॲटिट्यूड पॉझिटिव्ह ठेवला की कुठलाही आजार हरतो. हसत राहा, आजार पळून जातो. माझ्या ग्रुपवर शेअर करतोय.

---

खानापुरी खापरी

सीमावासी, आजार पळून जातो? आमच्या वडिलांना दमा होता. कुंभारकाम. खानापूरची माती चांगली, पण भट्टी लावली की धूर आणि पावसाळ्यात तो धूर वर जातच नाही, आणि खानापूरचा पावसाळा तुम्हाला माहीत असेल. वडील भट्टीसमोर बसून खोकायचे आणि मध्येच आम्हाला हसवायला रेल्वेच्या इंजिनाचा आवाज काढायचे, कुईऽऽ, खोकला आणि शिट्टी एकत्र. आम्ही हसायचो. आजार काय पळाला नाही. फुफ्फुस होतं तेवढंच राहिलं.

अनगोळकर, लिहा अजून. चाकावर बसलेल्या माणसाला कुणी प्रेरणा म्हटलं की तो विचारतो मडकं घेणार का.

---

निपाणीकर

मला थोडं वेगळं विचारायचंय, धाग्याच्या विषयात बसत नसेल तर सांगा. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, वर्षभर झालं कंबर दुखते, पहाटे तीन-चारला उठून घरात फेऱ्या मारतो, सकाळी तासभर वाकता येत नाही आणि दुपारी क्रिकेट खेळतो. घरचे म्हणतात नाटक करतोय, कामाचा कंटाळा. तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. हे आनुवंशिक असतं का? कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

---

हाडाची ताई

निपाणीकर, मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथं बसून निदान करणार नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते नाटक नाही आणि साधं कंबरदुखणंही वाटत नाही. साधी कंबर आराम केला की बरी वाटते, सूज असलेली कंबर आरामानं आखडते आणि हालचालीनं सैल होते. पंचेचाळिशीच्या आत सुरुवात, तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस, सकाळी अर्ध्या तासाच्या वर ताठरपणा, उत्तररात्री जाग, हे एकत्र असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर. साध्या एक्स-रेत सुरुवातीला बऱ्याचदा काही दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" म्हणून गप्प बसू नका, कंबरेच्या खालच्या सांध्यांचा एमआरआय लवकर सांगतो. रक्ताची एचएलए-बी२७ म्हणून तपासणी असते, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही, ते जनुक असलेल्या बहुतेक लोकांना आजार कधीच होत नाही. घराण्यात असेल तर शक्यता वाढते एवढंच.

बिडी-सिगारेट असेल तर पहिली ती बंद, ह्या आजारात ती मणका लवकर चिकटवायला मदत करते. आणि व्यायाम रोज, औषध चालू असलं तरी. पोहणं चांगलं. पाठ तुडवून घेणं आणि मान मोडून घेणं अजिबात नको, चिकटलेला मणका ठिसूळ असतो, छोट्या धक्क्यानं मोडू शकतो. हे तर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

आणि अनगोळकर, तुमच्या आप्पांची पाचर वाचून मी दोन मिनिटं थांबले. डोकं आणि भिंतीमधलं अंतर मोजणं ही आम्ही दवाखान्यात खरंच वापरतो ती पद्धत आहे, टाचा आणि पाठ भिंतीला लावून. त्यांना कुणी सांगितली होती का?

---

अनगोळकर

ताई, बहुतेक कुणी तरी दवाखान्यात पट्टीनं मोजताना बघितलं असणार आणि पट्टी धरायला दुसरा माणूस लागतो, चुकते, म्हणून पाचर केली असणार. त्यांना कुठलीही गोष्ट गेजनं मोजल्याशिवाय पटायची नाही. निपाणीकर, भावाला घेऊन जा, उद्याच जा. नऊ वर्षं नका घालवू.

वडगावच्या ताईंचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. आईलाच विचारलं. ती तांदूळ निवडत होती, वर न बघता म्हणाली, "लोकांना गंमत, मला गरम पाण्याची पिशवी."

हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, लिहायला पाहिजे होतं. आप्पा पहाटे तीनला उठायचे. झोपूनच आखडायचं त्यामुळे झोप म्हणजे शिक्षा. मग आई उठायची, पाणी तापवायची, पिशवी कमरेला, मग आप्पांच्या फेऱ्या, मागचं दार ते पुढचं दार, आम्ही पोरं त्या पावलांच्या आवाजात वाढलो. पाच वाजता ते शेडमध्ये जायचे आणि रंध्याचा आवाज सुरू झाला की आई परत एक तास आडवी व्हायची. हे पस्तीस-चाळीस वर्षं. मोजे ती घालायची, कारण त्यांचा हात पायापर्यंत पोचत नव्हता. नंतर त्यांनी मोजा घालायची लाकडी चौकट केली, मोजा तिच्यावर ताणून ठेवायचा आणि दोरीनं वर ओढायचा, चालायची पण चांगली, पण आई म्हणाली ठेवा ते, मी आहे की. तिला ते आवडलं नव्हतं बहुतेक. मला तेव्हा कळलं नाही.

आणि बाहेर हसवून आले की घरात दोन-दोन तास एक शब्द नाही. कधी चिडायचे, एकदा अख्खा कोर बॉक्स, म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा करायचा लाकडी साचा, भिंतीवर मारला होता, आठ दिवसांचं काम. का, तर मी मागून "आप्पा" अशी हाक मारली आणि त्यांनी सवयीनं मान वळवायला बघितली. वळली नाही. एवढंच. पुढं घरात नियम झाला, हाक समोर येऊन मारायची. त्या कोर बॉक्सचे तुकडे आम्ही त्या थंडीत पाणी तापवायला वापरले. त्याच्यावरही त्यांनीच विनोद केला, पण पंधरा दिवसांनी.

सीमावासी, राग मानू नका, पण आजार हरला नाही. कधीच हरला नाही. तो दर वर्षी एक-दोन पायऱ्या पुढं सरकत होता, झाकणावर लिहिलंय. १९९६ ते १९९९ जागचा हलला नाही, तेवढीच तीन वर्षं. पुढं सुया आल्या, त्या नव्या, सूज मुळातून दाबणाऱ्या. डॉक्टरांनी सांगितल्या तेव्हा महिन्याचा खर्च आमच्या दोघांच्या कमाईच्या वर होता. आप्पा म्हणाले, "इरली बिडरी (राहू दे, सोडा) डॉक्टर, जेवढं चिकटायचं तेवढं चिकटलंय, आता काय सोलून काढणार?" डॉक्टर कन्नड, ते हसले, मी हसलो नाही. मला अजून वाटतं कर्ज काढून द्यायला पाहिजे होत्या. भाऊ म्हणतो उपयोग झाला नसता, उशीर झाला होता. आमचं ह्याच्यावर एकमत नाही आणि होणार पण नाही.

विनोद हे त्यांनी केलेलं अजून एक हत्यार होतं असं मला वाटतं. छत्रीचा आरसा तसं. अडचण दिसली की त्यावर काहीतरी करून ठेवायचं, म्हणजे लोक अडचणीकडं न बघता त्या वस्तूकडं बघतात. लोकांना वाकलेल्या माणसाशी काय बोलावं कळत नाही, मग हे आधीच चपलेवरून काहीतरी बोलून मोकळे. समोरच्याला सैल करायचं काम पण ह्यांनीच करायचं. त्याचा थकवा घरी यायचा.

पण नुसतंच हत्यार नव्हतं, हे पण खरं. शिवजयंतीचं सांगतो. बेळगावची शिवजयंती वैशाखातली, चित्ररथ रात्रभर चालतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीच्या मंडळानं एक वर्ष हत्ती करायचा ठरवला. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट आणि रंग, बाकी मंडळांचे पण असेच हत्ती असायचे. आप्पा म्हणाले हत्ती हलला पाहिजे. सोंड नाही, सोंड सगळेच हलवतात. मान. तीन आठवडे शेडमधली गिऱ्हाइकांची कामं बाजूला, आई तोंड फुगवून, आणि हे सायकलची चेन, लाकडी कॅम, म्हणजे फिरताना दांडा ढकलणारं वेड्यावाकड्या आकाराचं चाक, भंगारातलं बेअरिंग घेऊन बसलेले. आत एक पोरगा पॅडल मारणार, कॅम फिरणार, हत्ती सावकाश डावीकडं बघणार, थांबणार, मग उजवीकडं. ते थांबणं महत्त्वाचं, कॅमचा तेवढा भाग एकसारख्या गोलाईचा ठेवला होता. सारखं हलत राहिलं तर खेळणं वाटतं, थांबलं की हत्ती बघतोय असं वाटतं.

आत पॅडल मारणारा पोरगा मी होतो. गोणपाटाच्या आत घाम, रंगाचा वास, बाहेर ढोल-ताशे आणि मला काहीच दिसत नाही. फक्त एका फटीतून आप्पा दिसायचे, रथाच्या शेजारून चालणारे, वाकलेले. त्यांना हत्तीचं डोकं दिसत नव्हतं, मान वर होत नव्हती ना. छत्री उघडायला पाऊस नव्हता पण छत्री आणली होती, आणि तिच्या दांड्यावरचा आरसा असा तिरका धरून ते वर हत्तीकडं बघत होते. पहाटेपर्यंत. मध्ये एकदा फटीजवळ येऊन ओरडले, "हळू मार की बे, हत्तीला काय मान मोडून घ्यायचीय व्हय?"

गेल्या वर्षीच्या श्रावणात छातीत कफ धरला. बरगड्या पण चिकटलेल्या, छाती फुगायलाच जागा नव्हती, न्यूमोनियाला तेवढं पुरलं. नळी घालताना मान मागं जात नव्हती म्हणून डॉक्टरांना खूप त्रास झाला, दोघं-तिघं होते, त्यांनी केलं शेवटी. सहा दिवस. ह्याच्याबद्दल इतकंच.

---

वडगावची लेक

आईंना नमस्कार सांगा. गरम पाण्याची पिशवी हे वाचून मी फोन ठेवून दिला आणि आईकडं जाऊन आले.

---

उद्यमबागचा मोल्डर

तो हत्ती मी बघितलाय! किर्लोस्कर रोडला मी पोराला खांद्यावर घेऊन उभा होतो. हत्तीनं आमच्याकडं बघितलं आणि पोरगं रडायलाच लागलं. तुम्ही आत होतात व्हय.

---

निपाणीकर

पुढच्या मंगळवारची वेळ मिळालीय. भावाला धागा वाचायला दिला, काही बोलला नाही, पण दुपारी बघतो तर भिंतीला टाचा लावून उभा होता. डोकं टेकतंय अजून.

---

चिकोडीची सून

मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. माझ्या सासऱ्यांना हाच आजार आहे, बासष्ट वर्षांचे, शेतावर जातात, मान अजिबात वळत नाही. गेल्या महिन्यात मागून ट्रॅक्टर आला तो कळलाच नाही, थोडक्यात वाचले. तो छत्रीचा किंवा काठीचा आरसा कसा करायचा सांगाल का? आमच्याकडं सुतार आहे पण त्याला सांगायचं काय ते कळत नाही.

---

अनगोळकर

ताई, सुताराला सांगू नका, मी करून देतो. मी बँकेत आहे, हात आप्पांसारखा नाही, पण हत्यारं त्यांचीच आहेत आणि छत्री पण आहे समोर नमुन्याला.

दोन गोष्टी फक्त. आरसा सपाट पाहिजे, गाडीचा फुगीर नको. फुगीर आरशात जास्त दिसतं पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, आप्पा त्यात एकदा फसले होते, तेव्हापासून चालताना सपाटच. आणि कोंदण काठीला घट्ट ठोकायचं नाही, खाली एक लाकडी बिजागरी येते, अंगठ्यानं तिरकं करता येईल अशी, कारण दर वर्षी कोन थोडा बदलावा लागतो. ते का ते तुम्हाला माहीत आहे.

मला तीन मापं पाठवा. सासरे काठी धरतात त्या मुठीपासून जमीन किती, मुठीपासून डोळा किती, आणि काठीची जाडी. ते नेहमी उभे राहतात तसंच उभं करून घ्या, सरळ व्हायला सांगू नका.

आणि साध्या पट्टीनं मोजा हं.